वास्तूबरोबर वस्तीचीही यादी हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुन्या ठाण्याच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ठाण्यात जपण्याजोगे आता उरले आहेच काय? एक तलावपाळी, एक कौपिनेश्वर आणि किल्ल्यातला एक तुरुंग, एवढ्यासाठी क्लस्टर, म्हणजे जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास, कशाला अडवायचा? असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही तेच म्हणत होते. लग्न होऊन मी नौपाड्यातल्या ज्या दुमजली, मंगलोरी कौलांच्या घरात आले, ते पाडून तिथे सात मजल्यांची इमारत उभी राहिली तेव्हा मला आनंदच झाला होता. जिना चढावा लागत नाही याचे सुख माझे गुडघे आजही जाणतात. मत बदलले ते मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन या विद्यापीठाच्या गावी, सहा महिने राहून आल्यावर. आरेखक म्हणून माझी एकतीस वर्षे सरकारी नोकरीत गेली आहेत, त्यामुळे नातवाची बाबागाडी ढकलत चालताना माझी नजर दुकानांपेक्षा दगडांच्या सांध्यांवर आणि खिडक्यांच्या कमानींवरच अधिक रेंगाळत असे. तिथे जे पाहिले आणि विचारून घेतले, त्यातले ठाण्याच्या उपयोगाचे तेवढे लिहिते. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे.

मेंडोटा आणि मोनोना या दोन मोठ्या तळ्यांच्या मधोमध जमिनीची जी अरुंद पट्टी आहे, तिच्यावर जुने मॅडिसन वसले आहे, आणि तळ्यांच्या गावात आयुष्य गेलेल्या ठाणेकराला तिथे आठवडाभरातच ओळखीचे वाटू लागते. १८३६ मध्ये जेम्स डोटी नावाच्या गृहस्थांनी तिथली जमीन आधी खरेदी केली आणि मग प्रांताच्या विधिमंडळाचे मन वळवून राजधानी नेमकी त्याच जमिनीवर ठरवून घेतली; हा क्रम ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांना उलगडून सांगायला नको. रस्त्यांना अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या करणाऱ्यांची नावे दिली गेली. १८४८ मध्ये विस्कॉन्सिन राज्य झाले आणि त्याच वर्षी विद्यापीठही स्थापन झाले. आपल्या शिलाहारांच्या श्रीस्थानकापुढे, म्हणजे जुन्या ठाण्यापुढे, हे सगळे कालपरवाचे.

मेंडोटा तळ्याच्या काठी एक बाग आहे आणि बागेच्या कडेला वालुकाश्माची एक लहानशी, नीटस इमारत. पहिल्यांदा तिथे बाकावर टेकले तेव्हा इमारतीचे नाव विचारले आणि चकितच झाले : ‘गेट्स ऑफ हेवन’, म्हणजे स्वर्गाचे दार, १८६३ चे सिनेगॉग. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर, बेने इस्रायल समाजाचे १८७९ चे जे सिनेगॉग आहे, त्याचे नाव शार हाशामाईम, आणि त्या हिब्रू शब्दांचा अर्थही तोच. कोकणात शनवार तेली म्हणून ओळखला जाणारा, घरात मराठी बोलणारा समाज एकीकडे आणि जर्मन मुलखातून विस्कॉन्सिनला गेलेली मूठभर ज्यू कुटुंबे दुसरीकडे. सोळा वर्षांच्या अंतराने दोघांनी आपापल्या तळ्यांच्या गावात बांधलेल्या प्रार्थनाघराला एकच नाव दिले. ठाण्यात मी त्या दारावरून नोकरीच्या काळात शेकडो वेळा गेले असेन. त्या नावाचा अर्थ मात्र मला मॅडिसनच्या बाकावर बसून कळला, ही माझी लाज आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

त्या इमारतीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ऑगस्ट कुट्झबॉक या वास्तुरचनाकाराने ती बांधली. मूळ समाज छोटा होता. तो पांगला तशी इमारत इतरांच्या हाती गेली. युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ती काही काळ प्रार्थनेसाठी वापरली, दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने वापरली, पुढे तिथे अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्यांचे दुकानही होते. १९७० च्या सुमारास मालकाने ती पाडायचे ठरवले, तेव्हा गावातल्या लोकांनी वर्गणी जमवली, सरकारी पैसाही मिळवला, आणि १९७१ मध्ये ती अख्खी दगडी इमारत पायातून उचलून, चाकांच्या गाड्यावर चढवून, राजधानीच्या रस्त्यांवरून तळ्याकाठच्या बागेत आणून ठेवली. आज ती नगरपालिकेची आहे आणि लग्नाकार्यांना, छोट्या कार्यक्रमांना भाड्याने मिळते. मी गेले त्या दिवशीही आत कुणाचे तरी लग्न होते आणि नवरीच्या मावशीने मला नातवासकट आत बोलावून केक दिला. दगडी इमारत उचलून नेण्याच्या कामाचा हिशेब मी मनातल्या मनात मांडून पाहिला. नवीन बांधणे स्वस्त पडले असते यात शंका नाही. तिथल्या लोकांनाही ते ठाऊक असणार.

हे सगळे त्या वर्षी घडले याला एक कारण होते. त्याच सुमारास, १९७० मध्ये, गावातले मेपलसाइड नावाचे १८५० च्या दशकातले दगडी घर बर्गरच्या उपाहारगृहासाठी पाडले गेले होते. घर वाचवायला लोक धावले, पण उशिरा. त्या एका घराची हळहळ इतकी टिकली की त्यातूनच वारसा वास्तूंविषयीचा नगरपालिकेचा कायदा आणि तो राबवणारा आयोग उभा राहिला. ठाण्यात पडलेल्या घरांची नावे आठवायला बसले तर एका हाताची बोटे पुरणार नाहीत, पण त्यातल्या एकाही घराने आपल्याला कायदा दिला नाही.

आता हा कायदा चालतो कसा, ते सांगते, कारण आपल्याकडच्या बहुतेक शंका तिथेच आहेत. अमेरिकेत १९६६ च्या केंद्रीय कायद्याने ऐतिहासिक स्थळांची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. त्या नोंदवहीत घर आले म्हणून खाजगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. स्वतःच्या पैशाने त्याला घरात हवे ते करता येते, पाडताही येते. बंधन येते ते गावाच्या यादीमुळे. मॅडिसनने जी वास्तू वा जो परिसर आपल्या यादीत घातला आहे, तिथे घराच्या बाह्यरूपात बदल करायचा असेल, काही पाडायचे असेल किंवा मोकळ्या भूखंडावर नवे बांधायचे असेल, तर आधी आयोगाकडून योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आतल्या खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर यांत आयोग डोके घालत नाही. वारसा म्हटला की मालकाला खिळाही ठोकता येणार नाही अशी जी धास्ती आपल्याकडे पसरवली जाते, तिला तिथे फारसा आधार नाही. आणि बंधनाच्या बदल्यात मालकाला काही मिळते. उत्पन्न देणाऱ्या जुन्या इमारतीच्या मान्य डागडुजीवर होणाऱ्या खर्चाच्या २० टक्के इतकी सूट केंद्राच्या आयकरात मिळते; स्वतःच्या राहत्या ऐतिहासिक घराची नीट दुरुस्ती करणाऱ्याला विस्कॉन्सिन राज्य २५ टक्क्यांपर्यंत कर-सूट देते. माझ्या मुलीच्या शेजारच्या वृद्ध बाई छपराचे काम काढून बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडी हे २५ टक्के आपल्याकडे घरपट्टीचा आकडा असावा तितक्या सहज येत होते.

मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते परिसराच्या कल्पनेने. मॅडिसनमध्ये गावाने ठरवलेले पाच ऐतिहासिक परिसर आहेत. पहिला १९७६ मधला, मॅन्शन हिल. राजधानीच्या चौकाकडून मेंडोटा तळ्याकडे जाणारी ही टेकाडावरची वस्ती एके काळी धनिकांची होती; गिलमन आणि पिंकनी या रस्त्यांच्या चौकाला लोक थट्टेने ‘बड्या किड्यांचे’, म्हणजे बड्या धेंडांचे, टेकाड म्हणत. तिथल्या एका दगडी हवेलीत १८८३ ते १९५० पर्यंत राज्यपाल राहत. पुढे श्रीमंत लोक दुसरीकडे गेले, हवेल्यांत लहान खोल्या करून त्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या गेल्या, काही हवेल्या पाडून त्या जागी बसक्या डब्यांसारख्या इमारती आल्या. त्या आजही तशाच उभ्या आहेत आणि कायदा नसता तर काय झाले असते, हे रोज दाखवत असतात.

पण मॅन्शन हिलसारखी वस्ती जपणे सोपे असते. वाडे सुंदर असतात, कुणालाही पटते. मला नवल वाटले ते इतर परिसरांचे. थर्ड लेक रिज हा मोनोना तळ्याच्या काठचा भाग. जुन्या मोजणीदारांनी तळ्यांना नावांऐवजी क्रमांक दिले होते, त्यातले तिसरे तळे म्हणजे मोनोना, म्हणून हे नाव. इथली घरे बरीचशी कारागिरांची, कामगारांची, लाकडी फळ्यांची, रस्त्याला चिकटलेली. जवळच विल्यमसन रस्त्यावर शेतीच्या अवजारांच्या व्यापाराची मशिनरी रो नावाची लांबलचक विटांची इमारत आहे. मार्क्वेट बंगलोज हा तर त्याहून साधा परिसर : १९२० च्या दशकात मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी ओळीने बांधलेले एकसारखे लहान बंगले. त्यांतल्या एकाही घरात कुणी थोर माणूस राहिलेला असण्याची गरज नाही. एका काळी एका थराचे लोक कसे राहत होते हे ती ओळ एकत्र असेपर्यंतच दिसते, मधली तीन घरे गेली की उरलेल्या घरांना अर्थ राहत नाही, एवढेच तिच्या जपणुकीचे कारण. हे मी वाचले तेव्हा डोळ्यांपुढे चरई आणि खारकर आळी आली. आपण प्रत्येक घराला एकेकटे उभे करून विचारतो, तुझ्यात काय विशेष? एकेकट्या घराजवळ त्याचे उत्तर नसते.

विद्यापीठाच्या बॅस्कम टेकडीवर मी फार वेळ घालवला, त्यातले थोडे सांगते. १८५१ चे नॉर्थ हॉल ही विद्यापीठाची पहिली इमारत. पुढे निसर्गसंरक्षणाच्या चळवळीसाठी जगप्रसिद्ध झालेले जॉन म्यूर विद्यार्थिदशेत तिथे राहिले. ती आज राज्यशास्त्र विभागाच्या वापरात आहे, संग्रहालय करून कुलूप घातलेली नाही. खाली सायन्स हॉल आहे, आणि आरेखक म्हणून मी तिच्यापुढे हात जोडले. जुने सायन्स हॉल १८८४ मध्ये जळून गेले, म्हणून नवे बांधताना आग लागणार नाही अशीच इमारत हवी, असा हट्ट धरला गेला. १८८७ च्या या लाल इमारतीत वीट, दगड, लोखंड यांच्याबरोबर पोलादी तुळया वापरल्या आहेत, आणि बांधकामात पोलादाचा इतका वापर करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या इमारतींत तिची गणना होते. प्राध्यापक ॲलन कॉनोव्हर यांच्या देखरेखीखाली तिचे काम झाले. त्यांच्या हाताखाली त्या वेळी फ्रँक लॉइड राइट नावाचा, पुढे नामवंत वास्तुरचनाकार झालेला एक विद्यार्थी काम करत होता, जो पदवी न घेताच विद्यापीठ सोडून शिकागोला गेला. विद्यापीठाने १९५५ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट देऊन ती बाकी फेडली.

तळ्याकडे गेले की रेड जिम दिसते, १८९४ ची. बुरुज, झरोके, जणू युरोपातला किल्लाच. शस्त्रागार आणि व्यायामशाळा म्हणून बांधलेली ही इमारत १९७० मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनाच्या दिवसांत पेटवली गेली, तिचा मोठा भाग जळाला. १९९० च्या दशकात ती दुरुस्त झाली आणि आता परदेशी विद्यार्थ्यांचे कार्यालय तिथेच आहे. माझी मुलगी ठाण्याहून पहिल्यांदा गेली तेव्हा कागदपत्रे घेऊन ती याच दारात उभी राहिली होती, आणि मला फोनवर म्हणाली होती, ‘आई, इथे किल्ल्यात हजेरी द्यावी लागते.’ ठाण्याच्या किल्ल्यात हजेरी कोण देतात ते आपण सारे जाणतो.

राजधानीची इमारतही पाहण्यासारखी आहे. आधीची इमारत फेब्रुवारी १९०४ मध्ये जळाली, तीही आगीचा विमा नुकताच संपलेला असताना. १९०६ ते १९१७ या काळात जॉर्ज पोस्ट यांच्या आराखड्याप्रमाणे एकेक पंख बांधत नवी इमारत उभी राहिली, म्हणजे कामकाज कुठेच थांबले नाही. ग्रॅनाइटच्या घुमटावर सोनेरी पुतळा आहे आणि पुतळ्याच्या शिरस्त्राणावर बॅजर हा तिथला बिळात राहणारा प्राणी बसला आहे, तो खालून दिसत नाही. पण मला महत्त्वाचा वाटला तो एक साधा नियम. या इमारतीपासून एका मैलाच्या आत कुणालाही घुमटाखालच्या खांबांच्या पायथ्यापेक्षा उंच बांधता येत नाही. गावाने १९६० च्या दशकात हा नियम केला आणि १९९० मध्ये राज्याने त्याचा कायदा केला. त्यामुळे दोन्ही तळ्यांवरून, कुठल्याही नावेतून, गाव कुठे आहे हे घुमटावरून कळते. हा नियम कुणाच्या घराला हात लावत नाही, कुणाला वारसा म्हणत नाही. फक्त एक रेघ आखतो आणि तिच्यावर जायचे नाही म्हणतो.

राइट यांच्या इमारतींविषयी लिहिण्याचा मोह आवरते, कारण त्यांच्यावर बरेच लिहिले जाते. १९३७ मध्ये पूर्ण झालेले जेकब्स यांचे घर मात्र सांगितलेच पाहिजे : वर्तमानपत्रात काम करणाऱ्या एका बातमीदाराने परवडेल असे घर बांधून द्या म्हणून गळ घातली आणि ते सुमारे साडेपाच हजार डॉलरमध्ये झाले, २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या राइट यांच्या आठ वास्तूंत ते आहे. बातमीदाराचे घर जागतिक वारसा, हे आपल्या कार्यालयातल्या मंडळींना आवडेल. युनिटेरियन मंडळींचे सभागृह बांधताना पैसा अपुरा पडला, तेव्हा सभासदांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः खाणीतून दगड वाहून आणले. त्याला आपल्याकडे श्रमदान म्हणतात. आणि मोनोना तळ्याकाठच्या भव्य सभागृहाचा आराखडा राइट यांनी १९३८ मध्ये मांडला, तो १९९७ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्यांना जाऊन अडतीस वर्षे झाली होती. रखडण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असा माझा समज होता, तो गेला.

एका गोष्टीपाशी मात्र थांबायला हवे. ‘अमेरिकेला दोनशे वर्षांपलीकडे इतिहास नाही’ असे मीही म्हणत असे. विद्यापीठाच्या वेधशाळेच्या टेकडीवर गवताखाली मातीचे बुटके उंचवटे आहेत. नीट पाहिले तर एक पक्षी आहे आणि एक दोन शेपट्यांचा जलदैवताचा आकार. मूळ रहिवाशांनी इसवी सन ७०० ते ११०० च्या दरम्यान अशा आकृती या तळ्यांभोवती शेकड्यांनी रचल्या. इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक या प्रदेशाला टेजोप, म्हणजे चार तळी, म्हणतात. त्या काळाच्या अखेरीस, १०६० मध्ये, आपल्या जिल्ह्यात अंबरनाथचे शिवमंदिर पूर्ण होत होते. १८३२ च्या तहाने ही जमीन हो-चंकांकडून घेतली गेली; त्यांना इथून हाकलून दिल्याची कबुली देणारी पाटी विद्यापीठाने २०१९ मध्ये बॅस्कम टेकडीवर बसवली. ती पाटी वाचल्यानंतर मॅन्शन हिलच्या हवेल्यांकडे मी पूर्वीच्या नजरेने पाहू शकले नाही. यादीत काय घालायचे हे ज्याच्या हातात लेखणी असते तोच ठरवतो, आणि ठाण्याची यादी करताना चेंदणी कोळीवाडा आधी लिहावा की कुणाचा वाडा, हा प्रश्न म्हणूनच आजच विचारलेला बरा.

मॅडिसनमध्ये सगळे सुरळीत आहे असे मी म्हणत नाही. विद्यापीठात १९६९ ची ह्युमॅनिटीज नावाची काँक्रीटची अवाढव्य इमारत आहे, ती विद्यार्थ्यांना नकोशी आणि ती पाडायचे ठरलेले. ती मला तर आवडली, पण मी एकटीच. जुन्या परिसरांतल्या नियमांमुळे नवी घरे कमी होतात, भाडी चढतात, आणि जपणुकीच्या नावाखाली आधीच घर असलेले लोक नव्यांना दारात उभे करत नाहीत, अशी तक्रार तिथले तरुण करतात. माझा जावईही करतो. ती तक्रार खोटी नाही. तळ्याकाठच्या जुन्या घराचे भाडे ऐकून मी मनात रुपये मोजायचे थांबवले. परंतु ज्या गावाने फार जपले त्याचा दोष पुढे करून, ज्या गावाने काहीच जपले नाही त्याने निर्धास्त राहावे, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

ठाण्याकडे येते. आपल्याकडे नियमच नाहीत, असे नाही. बृहन्मुंबईसाठी १९९५ पासून वारसा नियमावली आहे. तिच्यात वास्तूंच्या श्रेणी आहेत, समिती आहे, मालकाला न वापरलेल्या चटईक्षेत्राच्या मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता वा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद आहे, आणि गिरगावच्या खोताच्या वाडीसारखे परिसरही तिच्या यादीत आहेत. म्हणजे परिसराची कल्पना विस्कॉन्सिनहून आयात करण्याची गरज नाही, ती लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. यादी कागदावर असणे आणि आपण राहतो ते घर तिच्यात आहे की नाही हे रहिवाशाला ठाऊक असणे, यांत मात्र फार अंतर आहे. मॅडिसनमध्ये यादीतल्या वास्तूंच्या दारावर पाटी असते. तिच्यावर वर्ष असते, कुणी बांधले ते असते. घर विकत घेणाऱ्याला आणि पाडायला येणाऱ्याला दोघांनाही ती वाचावी लागते.

आणि परिसर म्हणून पाहिले तर जुने ठाणे गरीब नाही. टेंभी नाक्यापासून तलावपाळीपर्यंत, एक म्हातारी बाई बाबागाडी घेऊन चालू शकेल एवढ्या अंतरात, सिनेगॉग आहे, पारशांची अग्यारी आहे, १८२५ चे सेंट जेम्स चर्च आहे, कौपिनेश्वर आहे, आणि १८९३ मध्ये स्थापन झालेली मराठी ग्रंथसंग्रहालय ही आपली संस्था आहे. थोडे पुढे गेले की किल्ला : पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलेला, ज्यातून १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे निसटले आणि जिथे १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिले गेले. पलीकडे स्थानक, जिथे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी आली. मॅडिसनच्या पाचही परिसरांत मिळून इतक्या प्रकारचे लोक आणि इतकी शतके एकत्र सापडणार नाहीत. त्यांच्या स्वर्गाच्या दारात आज केक कापतात. आपल्या स्वर्गाच्या दारात अजून प्रार्थना होते, आणि तेही जिथे बांधले त्याच जागी.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. क्लस्टर नको, असे मी म्हणत नाही. मोडकळीला आलेल्या इमारतीत जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना कमानींचे कौतुक ऐकवणे निर्दयपणाचे होईल. पण महापालिकेने जुन्या ठाण्यातल्या वास्तूंची यादी प्रभागवार, छायाचित्रासह आणि प्रत्येक वास्तू का महत्त्वाची याच्या चार ओळींसह मराठीत छापावी आणि प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. टेंभी नाका ते तलावपाळी हा भाग एक परिसर म्हणून त्या यादीत घालावा. त्या परिसरात नव्या इमारतीच्या उंचीची एक रेघ आखून द्यावी. मंदिराचे शिखर आणि चर्चचा मनोरा तलावाच्या काठावरून दिसावेत एवढीच ती असली तरी पुरे. आणि पुनर्विकासाचा कोणताही प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी जुन्या इमारतीची मोजणी करून तिची रेखाचित्रे महापालिकेकडे जमा करण्याची अट घालावी. या शेवटच्या अटीने बिल्डरचे चार दिवस जातील, त्याहून जास्त नाही. आमचे नौपाड्याचे घर पाडले तेव्हा जिन्याच्या कठड्याला कोरलेल्या कैऱ्या होत्या की पाने, यावरून आता आम्हा दोघा नवराबायकोत वाद होतो, आणि तो मिटवणारा एकही कागद घरात नाही.

परत आल्यापासून मी आणि माझे दोन जुने सहकारी, तिघेही निवृत्त, दर रविवारी सकाळी फीत घेऊन चरईत जातो. घरमालकांनी परवानगी दिली तिथे आम्ही मोजमापे घेतली आहेत. दोघांनी दारातूनच परत पाठवले, एकीने चहा पाजून मग परत पाठवले. आजवर आठ घरांचे तळनकाशे आणि दर्शनी भागाची रेखाचित्रे तयार झाली आहेत, एकास पन्नास प्रमाणात, हाताने काढलेली. त्यांतले एक घर गेल्या महिन्यात पाडले गेले. महापालिकेला किंवा एखाद्या ग्रंथालयाला ती ठेवायची असल्यास आम्ही प्रती विनामूल्य देऊ. आपल्या कार्यालयाकडे निरोप दिल्यास मी स्वतः घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त आरेखक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)